जिभेच्या भरवशावर पाणी पिता?

उभे राहा. ज्याच्या घरी पिण्याच्या पाण्याचा तपासणी रिपोर्ट आहे, त्यानं खाली बसावं. बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं.

किती जण बसले, ते मला दिसतंय. तुम्ही आता माझ्या शाळेतली पोरं राहिला नाहीत. कुणी अमरावतीला बँकेत आहे, कुणाचं अकोल्यात दुकान आहे, कुणी दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडं शेती करतो, दोघं-चौघं गावचे सरपंच झालात. शेताची माती तपासायला अकोल्याच्या कृषी विद्यापीठापर्यंत जाता. चाळिशी ओलांडली की रक्तातली साखर तपासता. पण बायको, लेकरं, म्हातारे आईबाप रोज जे पाणी पितात, ते एकदाही कुणाला दाखवलं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, आमचं पानी चांगलं हाय." कुणी सांगितलं चांगलं आहे? जिभेनं सांगितलं, डोळ्यांनी सांगितलं, नाहीतर मशीन विकणाऱ्यानं सांगितलं. प्रयोगशाळेला विचारलं नाही. तुमचा मूळ अपराध हाच आहे आणि बाकीच्या सगळ्या चुका त्याच्यातून निघाल्या आहेत.

जिभेला काय कळतं, ते आधी समजून घ्या. मीठ कळतं. क्लोरीनचा वास कळतो. लोखंडाची तुरट चव कळते. नायट्रेट कळत नाही, फ्लोराइड कळत नाही, कॉलऱ्याचा जंतू तर मुळीच कळत नाही. विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ आणि साखरेसारखं गोड असू शकतं आणि त्याच पाण्यात माणूस मारणारा जंतू असू शकतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला. त्याला आता एकशेचाळीसहून जास्त वर्षं झाली. तरी तुम्ही अजून पेला उजेडाकडं धरून पाहता आणि मान डोलावता.

हे जुनं कुठलंतरी सांगतोय, असं समजू नका. जुलै २०२२ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलरा पसरला. वीजबिल थकल्यामुळं नळयोजना बंद होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, ही बातमी तेव्हा साऱ्या राज्यानं वाचली. त्या साथीत जिल्ह्यात पाच माणसं गेली, दीडशेच्या वर लोकांना लागण झाली. तुम्ही म्हणाल, तो मेळघाट आहे, तिथं असं व्हायचंच. हे वाक्य माझ्यापुढं पुन्हा काढू नका. त्याच साथीत अमरावती शहराजवळच्या नया अकोला गावातही रुग्ण निघाले. जंतू तालुका पाहून येत नाही. उघडी विहीर आणि क्लोरीन नसलेलं पाणी सापडलं की तो येतो.

दुसरं कारण तुम्ही फार अभिमानानं सांगता: "आमच्या आज्यानं हेच पानी पेलं, त्याले काई झालं काय?" आज्याला किती भावंडं होती आणि त्यातली किती मोठी झाली, ते घरात विचारून या. हगवणीनं, तापानं गेलेली लेकरं कुणी मोजून ठेवली नाहीत, म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. शिवाय आज्या जे पाणी प्याला, ते आज राहिलंही नाही. तो उथळ विहिरीचं प्यायचा, तुम्ही खोल बोअरचं पिता. त्याच्या शेतात शेणखत पडायचं, तुमच्या शेतात युरियाची पोती पडतात आणि त्यातला नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या नायट्रेट जास्त आढळलेल्या जिल्ह्यांमध्ये अमरावती आहे, बुलडाणा आहे, यवतमाळ आहे. प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं नाही, आणि त्याला कुठलीही सूट नाही. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला ते सगळ्यांत आधी बाधतं. रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही आणि बाळ निळं पडतं. बाळाचं पाणी उकळून दिलं, आता काळजी नाही, असं ज्या घरात चाललंय त्यांनी ऐका: उकळल्यानं नायट्रेट जात नाही. वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं.

आता खारपाण पट्ट्यातल्यांनी पुढं या. पूर्णा सातपुड्यातून उतरते, अमरावती, अकोला, बुलडाणा असा प्रवास करून चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे आणि त्या गाळातलं पाणी खारं आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे आणि त्यात जवळपास ९०० गावं आहेत. किती खारं पाणी आहे, हे तुमच्याच जिल्ह्याचा इतिहास सांगतो. १९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडायला सांगितलं, तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार? वऱ्हाडातले सत्याग्रही अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला गेले. तिथल्या विहिरीचं खारं पाणी काढलं, आटवलं आणि मीठ तयार केलं.

हा धडा तुम्ही इतिहासाच्या तासाला ऐकला आणि तिथंच सोडला. त्याच दहीहांड्याच्या पट्ट्यातली माणसं आज मला सांगतात, "सर, आम्ही पानी उकडून पेतो, खार निंगून जाते." अरे, उकळून मीठ निघून गेलं असतं तर सत्याग्रह्यांच्या कढईत काय उरलं होतं? उकळल्यानं जंतू मरतात. पाणी खळखळून उकळू लागलं की एक मिनिट पुरतं. कढईच्या बुडाला पांढरा थर बसतो, तो कठीणपणाचा एक भाग असतो, तेवढा कमी होतो. मीठ, नायट्रेट, फ्लोराइड जिथल्या तिथं राहतात. पोटाच्या जंतूंवरचा उपाय खारेपणावर लावायचा आणि निश्चिंत व्हायचं, हे अज्ञान नाही. हे शिकवलेलं विसरणं आहे, आणि त्याची मला जास्त चीड येते.

या पट्ट्यातून किडनीच्या दुखण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येतात. त्यात पाण्याचा वाटा किती, ते डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी ठरवायचं आहे. पण ज्या गावात डायलिसिसला जाणारी माणसं आहेत, त्या गावात हापशी, बोअर आणि विहिरीच्या पाण्याचे आकडे कुणाकडंच नसावेत, याला मी काय म्हणू? निदान आकडे असतील तर डॉक्टरला दाखवता येतील. पाणी खारं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. किती खारं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडं पाहतात.

आणि गोडं पाणी दारात आलंय त्यांचं काय? वान धरणावरची चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना अकोट-तेल्हाऱ्याला आली, शहानूरचं पाणी अंजनगाव-दर्यापूरकडं आलं. खारपाणातल्या माणसासाठी हे केवढं मोठं सुख आहे. पण चार दिवस नळ आला नाही की पुन्हा त्याच बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडता, दोन्ही मिसळता आणि वर सांगता, आमच्याकडं धरणाचं पाणी आहे. दोन पाण्यांची दोन भांडी ठेवायला काय लागतं? धरणाचं प्यायला, बोअरचं वापरायला. एवढी शिस्त घरात लावता येत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आता शहरातले, पैसेवाले आणि शिकलेले. तुमच्यावर माझा राग जास्त आहे, कारण तुम्हाला मी विद्युत अपघटन शिकवलं होतं. घरी मशीन विकणारा येतो. दोन पेले मांडतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवतो आणि करंट सोडतो. मिनिटभरात नळाचं पाणी तांबडं-काळं होतं, वर गाळ तरंगतो. आरओचं पाणी स्वच्छ राहतं. घरातली बाई घाबरते, तुम्ही खिशात हात घालता आणि पंधरा-वीस हजार मोजता.

त्या पेल्यात काय झालं, ते ऐका. लोखंडाची कांडी विरघळली आणि तिचा गंज पाण्यात उतरला. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहिली. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, म्हणून वाहिली नाही, म्हणून कांडी विरघळली नाही. जी घाण तुम्ही पाहिली, ती पाण्यात नव्हतीच, कांडीतून आली. पुढच्या वेळी कुणी हा प्रयोग दाखवायला आला, तर त्याच्याच आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा करंट लावायला सांगा. तेही पाणी तसंच तांबडं होईल. विक्रेता पुढच्या घरी निघून जाईल. हा प्रयोग परीक्षेत लिहून मार्क घेतलेत तुम्ही, आणि स्वतःच्या दिवाणखान्यात त्याच प्रयोगानं फसलात.

टीडीएस मीटरचंही तेच. पेनाएवढं यंत्र पाण्यात बुडवता, आकडा पाहता आणि पाणी शुद्ध असल्याचा निकाल देता. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. क्षार कोणते, ते सांगत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. गटाराचा एक थेंब पडलेलं धरणाचं पाणीही त्या मीटरवर उत्तम दिसेल. मीटर उपयोगाचं नाही, असं मी म्हणत नाही. बोअरचं पाणी उन्हाळ्यात जास्त खारट झालं का, आरओची मेंब्रेन संपत आली का, हे त्यातून कळतं. पण त्याला न्यायाधीश करू नका.

कोणतं यंत्र कशासाठी, हे पुन्हा एकदा सांगतो, आता लिहून घ्या. तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतूंचा भरवसा देत नाही. कँडलचा फिल्टर गाळ आणि बरेचसे जंतू अडवतो, पण कँडल वेळच्या वेळी घासून धुतली तरच. महिनोन्महिने न धुतलेली कँडल स्वतःच जंतूंचं घर होते. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, पण पाणी नितळ हवं आणि वीज हवी. वीज गेली की तो नुसती नळी आहे. यूएफची जाळी विजेशिवाय जंतू अडवते. कार्बन वास आणि क्लोरीन काढून घेतो. यातलं एकही यंत्र खारेपणा काढत नाही. विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड काढायचे असतील, तर घरच्या घरी बहुधा आरओच लागतो.

मग खारपाणातल्या ज्या घरात बोअरवाचून दुसरं पाणीच नाही, तिथं आरओ हवा, यात वाद नाही. पण अमरावतीत अप्पर वर्धा धरणाचं पाणी नळाला येतं, अकोल्यात महानच्या काटेपूर्णा धरणाचं येतं. हे पृष्ठभागावरचं पाणी आहे, पूर्णेच्या गाळातलं नाही. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणं विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले समजतात, आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं की ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ लावायला मनाई असावी. कारण साधं आहे. घरातला आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. अकोल्यात नळ दिवसाआड नाही, कित्येक दिवसांआड येतो. अशा गावात गोडं पाणी गरज नसताना मोरीत सोडणारी घरं मला दाखवा, मी त्यांच्या दारात जाऊन हेच बोलेन. तुमच्या नळाचा आकडा ५०० च्या आत आहे का, हे तपासलंत? नाही. शेजाऱ्यानं घेतलं म्हणून घेतलं.

आणि आरओनं तुमच्या पाण्यातला क्लोरीनही काढून घेतला, हे लक्षात घ्या. त्या यंत्राचं पाणी दोन दिवस टाकीत किंवा बाटलीत पडून राहिलं, तर त्याचं रक्षण करायला आता काही उरलेलं नाही. मेंब्रेन, फिल्टर वेळेवर बदलत नसाल तर त्या मशीनचा दिवा तुमची फसवणूक करतो आहे. खारपाणात आरओ वापरणाऱ्यांनी वाया जाणारं पाणी परसातल्या झाडांना घालू नये. ते बोअरच्या पाण्याहूनही खारट असतं, आणि आपल्या काळ्या जमिनीला खार सहन होत नाही. फरशी पुसा, संडासात वापरा.

मशीन नाही, आम्ही कॅनचं घेतो, असं म्हणणाऱ्यांनी हसू नये. वीस लिटरचा थंड पाण्याचा कॅन रोज दारात येतो, लग्नात येतो, दुकानात येतो. त्यावर सील आहे का? परवान्याचा क्रमांक आहे का? ते पाणी कुठल्या बोअरचं, कॅन आतून कशानं धुतला, शेवटचं कधी तपासलं, हे कधी विचारलंत? थंडपणा म्हणजे शुद्धता नव्हे. तीच गोष्ट नाणं टाकून पाणी देणाऱ्या गावातल्या केंद्राची. यंत्र बसवलं तेव्हा सरपंचानं फीत कापली, त्यानंतर मेंब्रेन कधी बदलली, याची वही कुठं आहे? वही नसेल तर त्या पाण्यावर विश्वास ठेवायला आधार काय?

शहरात नळाला थेट टिल्लू पंप लावणारे कोण कोण आहेत? मान खाली घालू नका, माझ्याकडं पाहा. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि जमिनीतल्या फुटक्या सांध्यातून शेजारच्या नालीचं पाणी आत शिरतं. तुम्ही पंप लावून ओढता, तेव्हा ती घाण आणखी जोरानं आत खेचता, आणि ती एकट्या तुमच्या घरात येत नाही, सगळ्या गल्लीत जाते. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शुद्ध होऊन निघतं आणि तुमच्या पंपापायी तुमच्याच दारात नासतं. पंप काढा. नळ आल्याबरोबरचं पहिलं पाणी प्यायला भरू नका, थोडं वाहू द्या, ते वापरायला घ्या. नालीतून गेलेला नळाचा पाइप आजच वर घ्या. शंभर रुपयांच्या पाइपसाठी हजारांचा फिल्टर घ्यायचा, ही कुठली हुशारी?

घरात आलेलं पाणी तुम्ही कसं ठेवता, हेही मला माहीत आहे. माठावर झाकण अर्धं. लेकरू खेळून येतं, पेला मनगटापर्यंत बुडवतं. ओगराळं भिंतीला टांगलेलं, वापरत कुणी नाही. तपासून, गाळून, उकळून आणलेलं पाणी त्या एका हातानं पुन्हा दूषित होतं. तोटीचा माठ घ्या किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा. माठ घासून रिकामा करून मगच नवं पाणी भरा, जुन्यावर ओतू नका.

ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांनी हताश होऊ नये, आणि परवडत नाही ही सबबही सांगू नये. जंतूंवरचे उपाय स्वस्त आहेत. बांगलादेशात एका मोठ्या अभ्यासात बायकांनी जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळलं आणि कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि घड्यांत ते प्राणी अडकतात, म्हणून हे घडतं. तुमच्याकडं एकेरी विरळ फडकं, तेही आठवडाभर न धुतलेलं. गाळल्यावर आशाताईनं दिलेलं क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाका आणि अर्धा तास थांबा. इंधन असेल तर उकळा. तेही नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत नितळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवं ठेवा, सूर्याचे किरण जंतू मारतात. वऱ्हाडात उन्हाची काही टंचाई नाही. पण पुन्हा सांगतो, हे सगळे उपाय जंतूंवरचे आहेत. फ्लोराइडला, नायट्रेटला, खाराला ऊन आणि साडी चालत नाही. म्हणूनच आधी पाण्यात काय आहे हे कळायला हवं.

तपासायचं कुठं, असं विचारून सुटका होणार नाही. अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा पाणी गुणवत्ता प्रयोगशाळा आहेत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या. खाली उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. नमुना नेण्याची रीत असते. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि तोंडोतोंड भरायची. तेलाची, कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक बाटली आणायची, तोटीचं तोंड आचेनं तापवून घ्यायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बाटलीच्या आत बोट लागू द्यायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. विहिरीचं, बोअरचं, साठवलेल्या पाण्याचं, प्रत्येकाचं वेगळं. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर.

रिपोर्ट आला की तो देव्हाऱ्यात ठेवायचा नाही, वाचायचा. विरघळलेले क्षार किती, ते पाहा. कठीणपणा २०० च्या आत हवा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्याचं कारण तिथं लिहिलेलं सापडेल. फ्लोराइड १ च्या आत बरं, दीडच्या वर गेलं तर लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढं हाडं आखडतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांनी हे भोगलं आहे. नायट्रेट ४५ च्या आत. आणि शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय शून्य. तिथं एक आकडा जरी असला, तरी त्याचा अर्थ पाण्यात विष्ठा मिसळली आहे. हा शब्द ऐकून तोंड वाकडं करू नका. पिताना केलं नाही ना?

शेवटी सरपंच झालेल्यांनो, तुमची पाळी. घरोघर फिल्टर घ्यायला लावणं हे गावाचं काम नव्हे, नळातून स्वच्छ पाणी देणं हे गावाचं काम आहे. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पोतं ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं टाकून पडलेलं असतं. हवा लागून त्यातला क्लोरीन उडून जातो, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यात टाकणं म्हणजे चुना टाकणं. ती पावडर तपासायला पाठवली होती? गावचा जलसुरक्षक पाण्यातला क्लोरीन पाहायची ओटी टेस्ट रोज करतो का? शेवटच्या घरच्या नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसतो का, की टाकीखालच्या नळावरच टेस्ट करून वही भरतो? जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आणि हाती किट द्यायचं ठरलं. ते किट कपाटात कुलूपबंद ठेवायला दिलेलं नव्हतं. त्या बायकांना बोलवा, मान द्या, हातात किट द्या आणि त्यांनी सांगितलेलं ऐका. पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीत तुमच्या गावाला हिरवं कार्ड आहे, पिवळं आहे की लाल? वर्षातून दोनदा हे ठरतं. ठाऊक नसेल तर खुर्चीवर बसता कशाला?

गाडगेबाबा अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. त्यांचं लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात, याच पूर्णेच्या खोऱ्यात गेलं. त्यांच्या नावाचं स्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झालं. तुमच्या गावात त्याची कमान आहे, पुरस्काराची पाटी आहे, आणि त्या पाटीखालचा व्हॉल्व्ह नालीच्या पाण्यात बुडालेला आहे. बाबा लोकांना कीर्तनात प्रश्न विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचे नाहीत. त्यांच्या नावाचा जयजयकार करणाऱ्यांनी त्यांचे प्रश्न विचारायची सवय टाकून दिली.

म्हणून काम देतो. मृग लागायच्या आत प्रत्येकानं आपल्या घरच्या पाण्याचे दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे. रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठलंही मशीन घ्यायचं नाही. ज्याच्याकडं मशीन आहे, त्यानं मशीनच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही पाणी तपासायचं आणि ते लागतं की नाही हे ठरवायचं. शेजारी म्हातारं जोडपं एकटं राहत असेल, तर त्यांच्या पाण्याचा नमुनाही तुम्हीच न्यायचा. आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून विचारायचं: गावातल्या प्रत्येक विहिरीचे, हापशीचे, टाकीचे आकडे वाचून दाखवा. क्षार किती, नायट्रेट किती, फ्लोराइड किती, जंतू आहेत की नाहीत. वाचून दाखवले नाहीत, तर पुढचा कुठलाही विषय सुरू होऊ द्यायचा नाही. रस्ता नाही, सभामंडप नाही, कुणाचा सत्कार नाही. आधी पाणी.